थ्रेसच्या मातीखाली

बल्गेरियातलं कझानलाकचं खोरं. गुलाबाच्या तेलासाठी जगभर नाव झालेलं. इथल्या शेतांमधून ठिकठिकाणी मातीचे गोल उंचवटे दिसतात. ते माणसांनी रचलेत. कित्येकांच्या पोटात थ्रेसच्या, म्हणजे इथल्या प्राचीन प्रदेशाच्या, राजांची आणि सरदारांची थडगी आहेत.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, संख्येने भारतीयांच्या खालोखाल थ्रेसचेच लोक. ते एका राजाच्या हाताखाली एकवटले असते, तर त्यांना कुणी हरवू शकलं नसतं. ते एकवटले नाहीत. त्यांनी आपला इतिहासही लिहून ठेवला नाही. म्हणून ग्रीकांनी रंगवलेले थ्रेसियनच आपल्याला ठाऊक: लढवय्ये, मद्यपी, पैशासाठी लढणारे. त्यांची बाजू समजून घ्यायची तर या उंचवट्यांखालीच उतरायला हवं.

१९४४ मध्ये खोदकाम करताना सैनिकांना इथे विटांचं एक थडगं सापडलं. घुमटाची खोली इतकी लहान, की दहाबारा माणसांत भरून जाईल. पण वर पाहावं! सुमारे २३०० वर्षांपूर्वीचे रंग अजून शाबूत आहेत. मेजवानी चाललीय. तुतारी वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत, घोडे आहेत, रथ आहे. मधोमध नवरा-बायको. तिची मान झुकलेली, चेहरा उतरलेला, आणि त्याने तिचा हात मनगटाजवळ हळुवार धरलाय. अनेक अभ्यासक याला अखेरचा निरोप मानतात. ग्रीकांच्या लेखनात रानटी ठरलेल्या लोकांनी मरणाचं इतकं कोवळं चित्र आपल्यासोबत मातीत नेलं.

चित्रांची शैली ग्रीक आहे, हे खरं. १९४९ मध्ये पानाग्युरिश्तेला सापडलेली सोन्याची नऊ भांडीही तशीच. एकूण वजन सहा किलोंहून जास्त. मद्यपानाच्या या भांड्यांवर ग्रीक देवदेवता आहेत, घडण मात्र इराणी वळणाची. थ्रेसवर एकेकाळी इराणी सम्राट दारयवहूची सत्ता होती; पुढे मॅसिडोनियाचा फिलिप आला. येणाऱ्या प्रत्येकाकडून थ्रेसच्या सरदारांनी हवं ते उचललं आणि आपल्या मेजवान्यांत, आपल्या थडग्यांत मांडलं. मला ही नक्कल वाटत नाही. ही त्यांची स्वतःची निवड आहे.

या खोऱ्याचा एक राजा होता सेउथेस तिसरा. त्याची राजधानी सेउथोपोलिस १९४८ मध्ये, धरणाचं काम चालू असताना सापडली. पुरातत्त्वज्ञांनी ती उकरली, नोंदवली, आणि मग ती कोप्रिंका जलाशयाखाली गेली. एक अख्खं शहर हाती लागून पुन्हा गेलं, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

राजा मात्र सापडला. २००४ मध्ये गोल्यामा कोस्मात्का या उंचवट्याखाली थडगं उघडलं. दारासमोर पुरलेलं होतं दाढीवाल्या पुरुषाचं ब्राँझचं शिर, पुतळ्यापासून वेगळं केलेलं. डोळे वेगळे घडवून बसवलेले, पापण्यांचे केसही धातूचे. आत सोन्याचा मुकुट, शिरस्त्राण, चांदीची भांडी. आणि त्यांवर ग्रीक अक्षरांत मालकाचं नाव कोरलेलं: सेउथेस.