काळ्या तंतूचा उद्रेक

(दृश्य: सूर्याचा कडा, अतिनील चित्रण)

३१ ऑगस्ट २०१२. डावीकडे, जरा खाली पाहा. ही वायूची लांबलचक कमान सूर्याच्या किरीटात, म्हणजे त्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणात, अधांतरी तरंगत होती. कडेला असा वायू उजळ दिसतो. तोच सूर्याच्या तबकडीसमोर आला की काळी रेघ, म्हणजे तंतू, होतो, कारण मागून येणारा प्रकाश तो अडवतो.

तो भोवतालापेक्षा थंड असतो. थंड म्हणजे दहा हजार अंशांच्या आसपास, आणि किरीट दहा लाखांच्या पुढे! तरीही तो विरून जात नाही. चुंबकीय बलरेषा मध्यभागी खोलगट होतात आणि त्या झोळीत तो तोलून धरलेला असतो. खालून चुंबकीय क्षेत्राला पीळ बसत राहतो. मग तोल सुटतो.

(दृश्य: कमान उचलली जाते. थोडा वेळ निवेदन नाही.)

कमानीखाली विरुद्ध दिशांच्या बलरेषा एकमेकींना भिडतात, तुटतात, नव्याने जोडल्या जातात. क्ष-किरणांची सुरुवात इथून. मोकळ्या झालेल्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन खाली झेपावतात आणि दाट थरावर आदळतात. त्या धडकेतून निघतात कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण, बहुधा काही मिनिटांपुरते. तिथला वायू तापून वर उसळतो, कोटी-दोन कोटी अंशांवर पोचतो आणि नव्या कमानींत भरतो. मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण त्याचे. ते कधी कधी तासन्‌तास चालतात.

(दृश्य: योहको उपग्रहाची क्ष-किरण चित्रे)

१३ जानेवारी १९९२. जपानच्या योहकोने कठीण क्ष-किरणांचा एक ठिपका कमानीच्या माथ्याच्याही वर टिपला. बलरेषांची जोडणी त्याहून वर होत असावी, याचा हा फार मोलाचा पुरावा.

(दृश्य: क्ष-किरणांचा आलेख)

पृथ्वीचे वातावरण हे किरण गिळून टाकते, म्हणून मोजणी अवकाशातूनच. क्ष-किरणांचा असा अचानक भडका म्हणजे सौरज्वाला. तिचे वर्ग ए, बी, सी, एम, एक्स: प्रत्येक वर्ग आधीच्याच्या दसपट. एक्स वर्गाची ज्वाला आली की मथळे होतात. पण आत्ता पाहिलेल्या उद्रेकासोबतची ज्वाला होती फक्त सी वर्गाची, आणि बाहेर पडलेला वायूचा ढग सेकंदाला १,४०० किलोमीटरहून अधिक वेगाने निघाला. सूर्यडागांपासून दूरच्या, शांत प्रदेशातला तंतू तर या आलेखात जेमतेम उमटतो. तिथले क्षेत्र क्षीण असते. मागे राहते ती फिकट कमानींची रांग, मृदू क्ष-किरणांच्या दुर्बिणीतच दिसणारी. नुसत्या अक्षरावरून उद्रेकाची ताकद ठरवणे आम्हाला पटत नाही.

(दृश्य: ध्रुवीय प्रकाश)

३१ ऑगस्टचा तो ढग पृथ्वीला चाटून गेला आणि आकाश हिरवे झाले. प्रखर ज्वालांचे क्ष-किरण मात्र सव्वाआठ मिनिटांत येऊन दिवसाच्या बाजूचा लघुलहरी रेडिओ बंद पाडतात.

(दृश्य: आदित्य-एल१)

भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानावर क्ष-किरण मोजणारी दोन उपकरणे आहेत आणि अतिनील चित्रे घेणारी दुर्बीणही. तंतू कधी हलला आणि क्ष-किरण कधी चढले, हे आता एकाच यानावरून लावून पाहता येते.