स्टोकसेचा सातबारा

ही पिवळी लाकडी देवडी दिसतेय ना, ही सतराव्या शतकातली, म्हणजे आपल्या गोष्टीत तशी उशिराच आलेली. आत या. हा स्टोकसेचा किल्ला, इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातला, वेल्सची हद्द इथून जवळच.

गावाचं मूळ नाव नुसतं स्टोक. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करून घेतलेल्या जमिनीच्या नोंदीत, ही मॅनर लेसी घराण्याकडे आहे. मॅनर म्हणजे फक्त वाडा नाही हं, जमीन, कुळं, त्यांची देणी, सगळं त्यात आलं. लेसींनी ती आपल्या हाताखालच्या से घराण्याला दिली, ते से कधीच गेले पण गावाला नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरी मजा १२८१ पासून. जवळच्या लुडलो गावचा लॉरेन्स, सरदार वगैरे कोणी नाही, लोकरीचा व्यापारी, पण पैसा एवढा की मॅनर घेतली आणि हा हॉल उठवला. वर बघा, केवढ्या लाकडी कमानी, खाली मधोमध शेकोटी, धुराडं नाही, धूर जाईल तसा जाईल. मालकाच्या खोलीच्या भिंतीत दोन बारीक झरोके आहेत, तिथून खाली हॉलमध्ये कोण काय करतंय ते दिसतं. व्यापारी माणूस, लक्ष ठेवणारच!

१२९१ मध्ये राजाकडून तटबंदीची परवानगी मिळाली आणि तीनच वर्षांत लोकर घेऊन जाताना जहाज बुडालं, लॉरेन्सही बुडाला. त्याच वर्षी लोकरीवर पोत्यामागे ४० शिलिंगांचा कर बसला होता, त्यात याचा हात, म्हणून लोक म्हणाले बरं झालं.

लॉरेन्सच्या वंशजांनी दोनशेहून जास्त वर्षं सांभाळलं, मग लग्नातून व्हर्नन घराण्याकडे, व्हर्ननांना कर्ज, १५९८ मध्ये विक्री, पुढे क्रेव्हन घराणं. १६४५ मध्ये राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात पार्लमेंटची फौज आली तर फारसं न लढताच ताबा दिला, म्हणून बाहेरचा तट पाडला तरी आतल्या इमारती वाचल्या असं मला वाटतं. क्रेव्हनांनी शेतकऱ्यांना भाड्याने दिलं, मग हॉलमध्ये धान्य आणि बुरुजात लोहाराचा भाता. कोणाला इथे नवं काही बांधायची हौसच नव्हती, नाहीतर हे छप्पर कधीच गेलं असतं.

१८६९ मध्ये हातमोज्यांचे कारखानदार जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट यांनी ५,२०० एकरांची अख्खी इस्टेट २ लाख १५ हजार पौंडांना घेतली, इथे डागडुजी केली आणि स्वतःसाठी जवळच वेगळं मोठं घर बांधलं. १९९२ पासून हे इंग्लिश हेरिटेजकडे, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे. हॉलमध्ये फर्निचर जवळपास नाहीच, शेकोटीची जागा मात्र आहे, ही बघा, इथेच.