ताप उतरला, तरी सेप्सिस असू शकतो

नमस्कार. घरात कुणाला न्यूमोनिया झालेला असतो, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग असतो किंवा पायाची जखम चिघळलेली असते, आणि सगळ्यांची नजर थर्मामीटरवर खिळलेली असते. ताप उतरला की हायसे वाटते. सेप्सिसमध्ये नेमकी इथेच फसगत होते.

जंतूंशी लढणारी प्रतिकारयंत्रणा ताळतंत्र सोडते आणि त्यात शरीराच्या स्वतःच्याच अवयवांना इजा होऊ लागते, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब घसरतो आणि मेंदू, मूत्रपिंडे यांसारख्या अवयवांना पुरेसा प्राणवायू मिळेनासा होतो. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आता लक्षणांकडे येऊ. वृद्धांमध्ये आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांमध्ये ताप मुळीच नसू शकतो. उलट अंग गार पडून तापमान ३६ अंश सेल्सिअसच्याही खाली जाऊ शकते. म्हणून माणसाच्या वागण्याकडे पाहा. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज असंबद्ध बरळत असेल किंवा हाक मारूनही ग्लानीतून बाहेर येत नसेल, तर ते अशक्तपणावर ढकलू नका. नंतर श्वास मोजा, पण रुग्णाला न सांगता, कारण सांगितले की श्वासाची लय आपोआप बदलते. छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट पाहा. प्रौढ व्यक्ती विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते; संसर्ग असताना हा आकडा २२ किंवा त्याहून अधिक भरला, तर तो गंभीर इशारा आहे. दिवसभर लघवी जवळजवळ न होणे, हातपाय गार पडणे, त्वचेवर निळसर चट्टे उमटणे हीदेखील धोक्याचीच चिन्हे आहेत. सावळ्या त्वचेवर रंगातला बदल चटकन दिसत नाही, त्यामुळे ओठ, जीभ आणि तळवे पाहावेत. तान्हे बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल पडून राहत असेल, तर तेवढेही कारण पुरेसे आहे.

यांतले काहीही दिसले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णाला तातडीच्या विभागात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हा सेप्सिस असू शकतो का?" असे विचारणे आगाऊपणाचे वाटून अनेक जण गप्प राहतात, पण या प्रश्नाने कुणाचाही अवमान होत नाही. संसर्ग कधी सुरू झाला, कोणती औषधे चालू आहेत, कशाची अॅलर्जी आहे, हेही सांगा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊन मात्र वेळ दवडू नका.

रुग्णालयात रक्ताचे नमुने कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, घेतले जातात आणि लॅक्टेटची, म्हणजे पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणाऱ्या घटकाची, पातळी तपासली जाते. रक्तदाब कोसळलेला असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल, तर शिरेतून अँटिबायोटिक देणे एका तासाच्या आत सुरू व्हावे, असे २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात; कल्चरच्या अहवालासाठी ते थांबवून ठेवले जात नाही. सोबत सलाईन दिले जाते, आणि तेवढ्याने रक्तदाब सावरला नाही तर नॉरएपिनेफ्रिन हे रक्तवाहिन्या आकसवून रक्तदाब वाढवणारे औषध सुरू करतात. पोटात पू साठला असेल किंवा शिरेतली नळीच दूषित झाली असेल, तर पू काढून टाकणे किंवा नळी बदलणे तितकेच निकडीचे असते, कारण संसर्गाचे मूळ आत राहिले तर नुसत्या औषधांनी तो सहसा आटोक्यात येत नाही.

घरी परतल्यावरही थकवा, विसराळूपणा, झोपमोड आणि उदासी काही महिने टिकू शकते. या काळात पुन्हा संसर्ग होण्याचा धोका वाढलेला असतो. तेव्हा पुढच्या आजारपणात डॉक्टरांना पूर्वी सेप्सिस होऊन गेल्याचे सुरुवातीलाच सांगावे.