आधी छप्पर, मग दार: लालिबेला

वरून पाहिलं तर जमिनीत कोरलेला एक क्रूस, एवढंच दिसतं. कॅमेरा जरा कडेला सरकला की लक्षात येतं, हे छप्पर आहे. चर्च खाली आहे, बारा मीटर खोल खड्ड्यात.

हे बेते गियोर्गिस. 'बेते' म्हणजे घर. हे संत जॉर्जचं घर. उत्तर इथिओपियातल्या लास्ताच्या डोंगरात, सुमारे 2500 मीटर उंचीवर, अशी अकरा चर्चेस आहेत. परंपरा त्यांचं श्रेय झाग्वे घराण्यातल्या लालिबेला राजाला देते. काळ बाराव्या शतकाची अखेर आणि तेराव्याची सुरुवात. गावाचं जुनं नाव रोहा. आता गावही राजाच्याच नावाने ओळखलं जातं.

वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाला ही रीत नवी नाही. आधी चारी बाजूंनी चर खणायचा, मधे दगडाचा एकसंध ठोकळा उभा ठेवायचा आणि वरून खाली उतरत जायचं. छप्पर आधी, दार शेवटी. मग त्याच ठोकळ्याला आतून पोखरायचं, खांब आणि कमानी जागच्या जागी सोडत. चुकून फुटलेला खांब परत जोडता येत नाही. हा ज्वालामुखीचा दगड तसा मऊ, छिन्नीला वश होणारा. पण पाणीही पितो. म्हणून अंगणांच्या तळाला उतार आहेत, चर आहेत. गावकरी सांगतात, दिवसा माणसं खणायची, रात्री देवदूत. चरांचे उतार पाहिले की मला मात्र दिवसपाळीच जास्त थोर वाटते.

काही चर्चेसवर, पावसापासून वाचवायला, ही पोलादी छपरं दिसतात. 2008 मध्ये युरोपीय संघाच्या पैशातून उभारलेली, तात्पुरती म्हणून. अजून तिथेच आहेत. 2018 मध्ये गावकरी त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. चर्चेसच्या भोवतीची वस्तीही हलवली गेली. 2021 मध्ये शेजारच्या टिग्रे प्रांतातलं युद्ध गावात आलं.

आणि ही 7 जानेवारीची सकाळ. गेन्ना, इथला नाताळ; राजाचा जन्मदिवसही हाच मानतात. कित्येक जण दिवसचे दिवस पायी चालत आलेत. अंगावर नेतेला म्हणजे पांढरं सुती उपरणं, हातात काठी. बेते मरियमच्या अंगणात पुजाऱ्यांच्या दोन रांगा आहेत: एक वर कड्यावर, ती देवदूतांची, एक खाली, ती माणसांची. भाषा गीझ, आता फक्त पूजेतच उरलेली. केबेरो ढोल घुमतो आणि दोन्ही रांगा एका लयीत डोलू लागतात.

ही म्हातारी बाई गर्दीत शिरलेली नाही. उंबऱ्याशी तिने चपला काढल्या, दगडाच्या चौकटीला कपाळ टेकवलं, आणि आता ती तिथेच बसून आहे.