टकटक कुठून येते?

(दृश्य: रिकामं पटांगण. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलेलं, गाडी सावकाश गोल फिरते आहे. पार्श्वसंगीत नाही.)

टक्, टक्, टक्. एक्सलेटर दाबला की टकटक भरभर होते, जोरातही येते. पाय उचलला की जवळजवळ बंद. स्टेअरिंग सरळ केलं की काहीच नाही.

‘पिकअप घेताना आवाज येतो’ एवढ्याच तक्रारीवर गाडी उघडायला घेतली, तर सुट्या भागांचा ढीग लागतो आणि आवाज तिथेच राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी पहिला प्रश्न: आवाज इंजिनाचा की चाकांचा?

(दृश्य: गाडी उभी, न्यूट्रलमध्ये. बॉनेट उघडं.)

गाडी न्यूट्रलला टाकून रेस करायची. आता टिकटिक आली तर संशय इंजिनाकडे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट फुटलं असेल, तर थंड इंजिनावर ती जास्त ऐकू येते आणि धातू तापून फुगला की बरेचदा कमी होते. ऑइल कमी असलं तरी व्हॉल्व्हच्या बाजूने टिकटिक येते. डिपस्टिक ओढून पाहायला मिनिटही लागत नाही. या परीक्षेतून निसटतं ते नॉकिंग. ती धातूची किणकिण उभ्या गाडीत सहसा येत नाही, चढावर इंजिनाला ओढ लागली की येते.

आपल्या गाडीत रेस करूनही शांतता आहे. म्हणजे चाकांकडे.

(दृश्य: व्हील नटवर पाना. टायरचा जवळून शॉट.)

आधी व्हील नट तपासायचे, आणि ते ढिले असतील तर गाडी तिथेच थांबवायची. मग टायरच्या नक्षीत अडकलेला खडा. पण खडा एक्सलेटरला ओळखत नाही. पाय उचलला तरी चाक फिरतंय तोवर वाजतच राहतो. आपला आवाज ओढीबरोबर वाढतो आणि वळणावर वाढतो. या दोन खुणा एकत्र आल्या की बोट ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे समान वेगाच्या) जॉइंटकडे जातं. आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटची तऱ्हा वेगळी असते: सरळ रस्त्यावर पिकअप घेताना थरथर, किंवा पाय दाबता-सोडताना एखादाच ठक्.

(दृश्य: चाकाच्या मागची बाजू. रिमवर आतून उडालेलं काळं ग्रीस. कॅमेरा थांबतो.)

हे ग्रीस जॉइंटच्या आत असायला हवं होतं. भात्यासारखा दिसणारा हा रबरी बूट घडीत चिरला. चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं गेलं आणि त्याच चिरेतून धूळ-पाणी आत गेलं.

(दृश्य: बाकावर जॉइंट. पिंजरा तिरपा करून एकेक छर्रा बाहेर काढला जातो.)

पुढच्या चाकाला एकाच वेळी फिरायचं असतं, वळायचं असतं आणि वरखालीही व्हायचं असतं. साधा युनिव्हर्सल जॉइंट तिरका झाला की पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. स्टेअरिंगला ते हादरे बसतात. फोर्डमधले अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांनी 1920च्या दशकात यावर उपाय काढला. बाहेर वाटी, आत खाचांचा गोळा, मध्ये सहा छर्रे. पिंजरा या छर्‍यांना नेहमी दोन्ही शाफ्टमधला कोन बरोबर अर्धा करणाऱ्या प्रतलात धरतो. त्यामुळे चाक कितीही वळलेलं असो, दोन्ही शाफ्ट क्षणोक्षणी एकाच वेगाने फिरतात. 1959च्या मिनी मोटारीत अशाच धर्तीचे जॉइंट होते. इतकी चोख रचना, आणि तिची राखण करायला एक पातळ रबर.

(दृश्य: बोटाने पुसलेली खाच. आत खड्डे.)

धूळ मिसळलेल्या ग्रीसने या खाचा झिजवल्या. गाडी सरळ असताना छर्रे फारसे हलत नाहीत. वळणावर ते खाचेत पुढे-मागे सरकतात आणि ओढीखाली झिजल्या जागेवरून जाताना आपटतात. तीच टकटक. आता नवं ग्रीस भरून हे खड्डे बुजणार नाहीत. दुर्लक्ष केलं, तर कधीतरी भर रस्त्यात जॉइंट तुटतो आणि इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही.

(दृश्य: दुरुस्ती, सलग.)

एक्सल नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा. मग जॅकने गाडी उचलून तिच्याखाली स्टँड. निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी जायचं नाही. खालचा बॉल जॉइंट सोडवून शाफ्ट हबमधून (चाक ज्यावर बसतं त्या भागातून) बाहेर, आणि हातोडीच्या ठोक्याने जुना जॉइंट शाफ्टवरून. आधी नवा बूट शाफ्टवर चढतो. ही पायरी विसरली की सगळं पुन्हा उघडावं लागतं. मग नवी सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी कडी), जॉइंट, आणि किटमधलं सगळं ग्रीस. क्लॅम्प आवळले. नवा नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर), टॉर्क रेंचने. अंदाज नको.

(दृश्य: गाडीची दुसरी बाजू. बूट हाताने ताणून पाहिला जातो.)

या बाजूने अजून आवाज नाही. पण घडी ताणली की बारीक चीर दिसते. आतलं ग्रीस बोटांवर चोळून पाहिलं; कचकच लागत नाही, पाण्याचा अंश नाही. इथे जॉइंट तोच राहील. बदलायचा आहे फक्त बूट, ग्रीस आणि दोन क्लॅम्प.