एका पाटीवर दोन लिप्या

नमस्कार मंडळी. मी ग्राफिक डिझाईनच्या तिसऱ्या वर्षाला शिकते, घर आमचं बेळगावच्या वडगावात, आणि आज मला ह्या कार्यक्रमात बोलावलंय ते मी काय काय प्रोजेक्ट करते आणि ते सुचतं कुठनं हे सांगायला. सुचतं कुठनं ह्याचं उत्तर सरळ आहे, बेळगावातनंच सुचतं. आणि जास्त करून सुचतं ते इथं कन्नड आणि मराठी रोज शेजारी-शेजारी डोळ्यासमोर असतात म्हणून. पुण्या-मुंबईच्या माझ्या वयाच्या पोरांना देवनागरी आणि इंग्रजी जमलं की काम भागतं, आपल्याला तिसरी लिपी पण तितक्याच मनापासून शिकावी लागते. बरेच जण ह्याला कटकट म्हणतात. मला विचाराल तर डिझाईन शिकणाऱ्या पोरीला ह्याहून चांगलं गाव मिळणार नाही.

लग्नपत्रिकेपासनं सुरू करते. माझ्या मावसभावाचं लग्न ठरलं, मुलगी गोकाककडची, त्यांच्या घरी सगळे कन्नड बोलणारे. पत्रिका मी करणार हे घरात आधीच ठरलेलं. आता नेहमी काय करतात, एका पानावर मराठी आणि उलटून दुसऱ्या पानावर कन्नड, म्हणजे जो तो आपलं पान वाचतो आणि दुसरं पान कुणी उघडून पण बघत नाही. मला दोन्ही नावं एकाच पानावर, एकाच ओळीत समोरासमोर पाहिजे होती. आणि तिथंच खरा अभ्यास सुरू झाला बघा. दोन्ही अक्षरं १४ पॉइंटला ठेवली तरी एक मोठं दिसतं आणि एक बारीक, कारण पॉइंट हा आकडा अक्षराभोवतीच्या चौकटीचा असतो, डोळ्याला दिसणाऱ्या अक्षराचा नसतो. त्यात आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, मात्रा आणि रफार वर जातात, उकार खाली. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, ते ओत्तक्षर म्हणतात, तो मूळ अक्षराच्या खाली किंवा खालच्या बाजूला येतो, आणि 'लक्ष्मी' सारखं नाव आलं की खाली अजून गर्दी. म्हणजे मराठीला डोक्यावर जागा लागते आणि कन्नडला पायाखाली, आणि दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या की वरच्याचं ओत्तक्षर खालच्याच्या मात्रेला जाऊन भिडतं. शेवटी मी ओळींमधलं अंतर दोन्हींच्या गरजेनं वाढवलं, आणि कन्नड अक्षराच्या डोक्यावर तो छोटा तलकट्टू असतो ना, तो आपल्या शिरोरेषेच्या उंचीला आणून बसवला. तेवढ्यानं दोन्ही नावं एका घरातली दिसायला लागली. पत्रिका छापून आली तेव्हा मुलीकडच्या काकांनी आपलं पान शोधलं नाही, सरळ वाचत गेले. मला एवढंच पाहिजे होतं.

ह्या कामात मला फॉन्ट सापडला तो 'बालू'. एक टाइप नावाच्या मुंबईच्या ग्रुपनं केलेला, फुकट वापरता येतो, आणि त्यात देवनागरी बालू आहे तसा कन्नडसाठी बालू तम्मा पण आहे, दोन्ही लिप्यांचा जाडपणा आणि गोलपणा एकमेकांकडे बघून ठरवलेला. लग्नाला तो जरा जाडजूड पडतो म्हणून मी तो फक्त नावांना वापरला, पण शिकायला फार चांगला. एक लिपी दुसरीची नक्कल करत नाही आणि तरी भावंडं वाटतात.

शिकणाऱ्या पोरापोरींनो, एक कामाची गोष्ट सांगून ठेवते, लिहून घ्या. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये मराठी टाइप केल्यावर वेलांटी भलतीकडेच पडत असेल, जोडाक्षर फुटत असेल तर फॉन्टला शिव्या देऊ नका, सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू करा, भारतीय लिप्या नीट बसतात. आणि फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा काढतात, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधला तो आडवा अर्धा र पण तपासा. चांगल्या फॉन्टमध्ये भाषा मराठी ठेवली की अक्षर आपोआप बदलतं. आपल्या पोस्टरवर आपला ल असावा असं मला मनापासून वाटतं.

आता पाट्यांकडे येते. २०२४ मध्ये कर्नाटकात कायद्यात दुरुस्ती झाली, दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला आणि ती वरच्या भागात. त्यावर आपल्याकडे काय काय बोललं जातं ते तुम्हाला सांगायला नको, मी आज फक्त पाटी रंगवणाऱ्याच्या बाजूनं बोलते. उरलेल्या ४० टक्क्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही बसवायचं म्हटलं तर बहुतेक फ्लेक्सवाले काय करतात, मराठी अक्षर दाबून चपटं करतात, माऊसनं ओढून. अक्षर ओढलं की उभ्या रेघा जाड होतात आणि शिरोरेषा बारीक, आणि दुरून ते वाचताच येत नाही. जागा कमी असेल तर अक्षर लहान करा ओ, पण त्याचं अंग पिळू नका! लहान आणि नीट काढलेलं अक्षर, भोवती मोकळी जागा सोडलेली, हे रस्त्याच्या पलीकडनं पण वाचता येतं. वर्गात मी ह्याच विषयावर प्रोजेक्ट केला, एका काल्पनिक भांड्याच्या दुकानाची पाटी, नियमात बसणारी, तीन लिप्यांची, आणि एकही अक्षर न ओढता.

ते मला शिकवलं आमच्या शहापूरच्या पेंटरमामांनी. आता त्यांना पाट्यांची कामं कमीच येतात, ट्रकच्या मागचं आणि देवळाच्या भिंतीवरचं जास्त. मी त्यांच्याकडे सुट्टीत जाऊन बसायचे. आधी खडूची पूड लावलेला दोरा दोन्ही बाजूला धरून टणकन सोडायचा, भिंतीवर सरळ रेघ उठते. मग खडूनं अक्षरांचा नुसता अंदाज. मग चपटा ब्रश, ऑइल पेंट, आणि मनगटाखाली काठी. मराठी ते वरच्या रेघेपासनं खाली काढतात, कन्नडला मात्र वर-खाली दोन रेघा मारतात आणि गोल अक्षर मधे फुगवतात, रेघेच्या जरा बाहेर जाऊ देतात, कारण गोल आकार रेघेच्या आत बरोब्बर बसवला तर तो डोळ्याला लहान दिसतो. हेच आम्हाला कॉलेजात ओव्हरशूट म्हणून शिकवतात. मामांना तो शब्द ठाऊक नाही पण त्यांचा हात ते कित्येक वर्षं करतोय. दोन अक्षरांमधलं अंतर पण ते मोजत नाहीत, मागं सरकून डोळे बारीक करून बघतात, आणि कुठं भोक पडल्यासारखं वाटलं तर पुढचं अक्षर जवळ घेतात. मी आता स्क्रीनवर काम करताना पण तसंच करते, उठून मागं जाते आणि डोळे बारीक करते.

ह्या दोन्ही लिप्या मुळात ब्राह्मीच्याच पोटातल्या. आपल्या खानापूर तालुक्यात हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडलेत, आणि आजची कन्नड आणि तेलुगू लिपी त्या कदंब लिपीवरनंच पुढं आली. हलशीला सहलीला सगळे जातात, नरसिंहाचं देऊळ बघतात, फोटो काढतात. मी परत एकदा गेले ती हे वाचून, आणि देवळाच्या आवारात बसून वहीत नुसती अक्षरं काढत राहिले, सगळी दुपार.

माणसांबद्दल बोलायचं तर रवी परांजपे. चित्रकार म्हणून त्यांचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं, पण ते १९३५ साली बेळगावातच जन्मले आणि इथंच के. बी. कुलकर्णी सरांच्या चित्रमंदिरात शिकले हे माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना माहीत नव्हतं. पुढं ते जाहिरातीच्या जगात गेले, काही काळ आफ्रिकेत नैरोबीला काम केलं, मग पुणे. २०२२ ला ते वारले. त्यांच्या चित्रात कपड्यावरची नक्षी, झाडाची पानं, भिंतीवरची जाळी सगळं इतकं भरून येतं आणि तरी गर्दी वाटत नाही. ते कसं करतात म्हणून मी त्यांची चित्रं पातळ कागद ठेवून गिरवली, आणि कळलं की जिथं नक्षी दाट आहे तिथं रंग जवळजवळचे ठेवलेत, आणि माणसाचा चेहरा असेल तिथं एकदम मोकळं. आणि दुसरे र. कृ. जोशी. तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज असेल आणि त्यात 'मंगल' फॉन्टमधनं तुम्ही मराठी वाचलं असेल तर ते अक्षर त्यांचं. जाहिरात कंपनीत काम केलेला माणूस पुढं आयआयटीत शिकवायला लागला आणि भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायला झटला. अक्षरांवर एवढं प्रेम करून पोट भरता येतं, हे घरी पटवायला मला त्यांचा फार उपयोग झाला.

बाकी सुचायला आपल्याकडे काय कमी आहे का. शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्रभर चालणारी मिरवणूक, तिच्यातले रंग आणि ट्यूबलाइट. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळातलं, त्याच्या छतातलं ते दगडी कमळ. मी फरशीवर उताणी पडून ते काढलं, आणि त्याच्यावरनं कुंद्याच्या, आपल्या बेळगावच्या मिठाईच्या, बॉक्सचं झाकण केलं. कुंद्याचा फोटो कितीही चांगला काढला तरी तपकिरीच दिसतो, म्हणून फोटो नकोच म्हटलं, नुसतं कमळ आणि नाव.

आता सध्याचं काम, आणि हे मला सगळ्यात जवळचं. आमच्या घरी माग आहेत. साडीच्या काठाची नक्षी आधी ग्राफ कागदावर काढतात, एकेक चौकोन भरत, आणि मग जॅकार्डसाठी, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी, त्याची पंचकार्ड म्हणजे भोकांचे पुठ्ठे पाडतात, भोक असेल तिथला धागा उचलायचा, नसेल तिथं नाही. कॉम्प्युटरचा पिक्सेल म्हणजे हेच की, आणि जॅकार्ड १८०४ च्या सुमारास आलेलं! म्हणून मी त्याच ग्राफवर अक्षरं काढायलेय, साडीच्या काठात विणता येतील अशी, मराठी आणि कन्नड. मराठीला शिरोरेषा आहे म्हणून ती सोपी जाईल असं वाटलेलं, पण बाबांनी ग्राफ बघितला आणि सांगितलं की एवढी लांब सलग रेघ विणलीस तर धागा वर सुटा राहणार, बांगडीत अडकून ओढला जाणार, मधे मधे तो खाली बांधून घ्यायला पाहिजे. तेव्हा शिरोरेषेत ठराविक अंतरावर एकेक चौकोन रिकामा सोडलाय, आणि तो जवळनं टिपक्यासारखा दिसतो, लांबनं रेघच. कन्नडचं उलटं आहे, तिथं रेघ लांब नाही पण गोलाईला पायऱ्या पडतात, त्यासाठी अजून बारीक ग्राफ घेऊन बघायलेय.

ह्यात तुमची मदत पाहिजे. वडगाव, खासबाग, शहापूर, कुठंही तुमच्या घरात माळ्यावर जुने नक्षीचे ग्राफ किंवा पंचकार्डांची बंडलं पडलेली असतील, तर रद्दीत घालू नका. कार्यक्रमाच्या पत्त्यावर नुसतं एक पत्र टाका, मी स्वतः येऊन बघेन, स्कॅन करेन आणि जशीच्या तशी परत आणून देईन. त्यावर नक्षी काढणाऱ्याचं नाव कुणाला आठवत असेल तर तेही लिहा.