विहिरीच्या कठड्यावरून मिरामारच्या पाण्यात

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'चाळिशीनंतर ट्रायथलॉन: तयारी कशी करावी'. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्ही सलग. त्यावर मी बोलणारच आहे. पण त्याआधी मला विहिरीबद्दल बोलायचंय. गेली तीन वर्षं जिथे जाते तिथे हा विषय काढते, आणि आज एवढं भरलेलं सभागृह मिळालंय.

आधी एक करू या. ज्यांना पोहता येतं त्यांनी हात वर करा. छान, बरेच आहेत. आता पुरुषांनी हात खाली घ्या. बघा. मागे वळून बघा सगळ्यांनी. पाच हात. तिसऱ्या रांगेतल्या मावशी, तुमचा धरून सहा. आज इथे निम्म्याहून जास्त बायका बसल्या आहेत आणि पोहता येणाऱ्या सहा. दुसरं कुठलंही गाव घ्या, चित्र फारसं वेगळं दिसत नाही.

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्या मळ्यात चिरेबंदी विहीर होती. मोट बंद होऊन इंजिन आलं होतं, पण मोटेची धाव तशीच होती. मे महिना लागला की भावकीतली सगळी पोरं सकाळी आठला विहिरीवर. आजोबा आदल्या वर्षीचे भोपळे वाळवून ठेवायचे. पूर्ण वाळलेला भोपळा हलवला की आत बिया खुळखुळतात, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. नवशिक्याच्या पाठीला दोन भोपळे, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक आजोबांच्या हातात. पोरगं पाण्यात पडलं की दोन गटांगळ्या खायचं, आजोबा दोर ताणायचे, की लगेच वर. चार दिवसांनी एक भोपळा सुटायचा. आठवड्याने दुसरा. पंधरा दिवसांत तेच पोरगं धावेवरून मुटका मारायचं आणि जूनपर्यंत तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं. ती मूठ उघडून दाखवायची, कारण नुसतं तळ गाठला म्हणून कोणी विश्वास ठेवत नसे.

मी कुठे होते? कठड्यावर. माझ्या मांडीवर तीन भावांचे आणि दोन चुलतभावांचे शर्ट, एक घड्याळ आणि एकाचा चष्मा. नऊ वर्षांची असल्यापासून चार उन्हाळे मी ते कपडे राखले. मला कोणी 'नाही' म्हटलं नाही, हे आवर्जून सांगते. आजोबा प्रेमळ होते. फक्त माझ्यासाठी भोपळा वाळवायचा असतो हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

पुष्कळ वर्षांनी मी आईला विचारलं, मला का नाही गं सोडलंस पाण्यात? मला वाटलं होतं, लोकलाज म्हणेल, पोरीची जात म्हणेल. आई म्हणाली, "तुझे केस लांब होते. वाळायला दुपार जायची." म्हणजे केस वाळत नाहीत म्हणून मी सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत पाण्याला घाबरले! यात कोणी दुष्ट नाही, आणि म्हणूनच मला ते लागतं. अशा साध्यासुध्या कारणांनी पिढ्यान् पिढ्या कठड्यावर बसल्या.

आता ती विहीरही उरली नाही. बोअर घेतलं, विहीर आटली, वरून जाळी टाकली. मुलींना आधीच येत नव्हतं, आता मुलांनाही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. धरणावर सहलीला गेलेली पोरं, तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका, या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि पान उलटतो.

२०१९ साली मी ठरवलं, शिकायचंच. शाळेत शिक्षिका आहे, नऊ किलोमीटर सायकलने जाते-येते, त्यामुळे पायात ताकद होती. आमच्या भागातल्या एका तरणतलावावर चौकशीला गेले. महिलांची बॅच कधी? अकरा ते बारा. सकाळी अकरा ते बारा! मी विचारलं, त्या वेळेला कोणती बाई रिकामी असते? नोकरी करणारी शाळेत किंवा बँकेत, शेतावर जाणारी शेतावर, घरातली स्वयंपाकघरात. सकाळी सहा ते नऊ सगळ्या बॅचेस पुरुषांच्या आणि मुलांच्या. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, बायका येतच नाहीत, म्हणून ती वेळ ठेवलीय." मी म्हटलं, दादा, ती वेळ ठेवलीय म्हणून बायका येत नाहीत. ते उत्तर त्यांना पटलं असावं, पण वेळ बदलली नाही. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळा नसताना, मी त्या अकराच्या उन्हात शिकले. आम्ही तिघी होतो. पाठीला भोपळ्याऐवजी थर्माकोलचा ठोकळा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. वीस मिनिटं. पुरेत.

पुढे करोना. तलाव बंद, दोन वर्षं जवळजवळ कोरडी. गोव्यातली हाफ आयर्नमॅन, म्हणजे आयर्नमॅन या लांबलचक ट्रायथलॉनच्या निम्म्या अंतराची स्पर्धा, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा झाली होती आणि मी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, ही करायची. पुढच्या दोन वर्षी ती झालीच नाही. २०२२ च्या १३ नोव्हेंबरला, रविवारी, मी मिरामारच्या वाळूत उभी होते. वय पन्नास. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. त्यातही पोहणं १ तास १० मिनिटांत झालं पाहिजे, नाहीतर सायकलला हात लावता येत नाही.

आता तो पहिला अर्धा तास सांगते. तलावात तळ दिसतो, निळी रेघ दिसते, भिंत आली की कळतं. समुद्रात डोकं पाण्यात घातलं की समोर नुसता मातकट हिरवा रंग. आपलाच हात पुढे गेलेला दिसत नाही. दर सात-आठ हातांनी डोळे मगरीसारखे वर काढून वाटेची खूण म्हणून तरंगत ठेवलेला पिवळा बोया शोधायचा. त्यात लाट आली की बोया गायब. कोणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली, डाव्या डोळ्यात खारं पाणी शिरलं, आणि माझा श्वास अडकला. छाती धडधडायला लागली, हवा आत जाईना. मी परत नऊ वर्षांची झाले. फक्त या वेळी कठड्याच्या आतल्या बाजूला होते.

नियम असा आहे की दमलं तर बचाव पथकाच्या कयाकला, म्हणजे वल्ह्याच्या लहान होडीला, धरून थांबता येतं. पुढे सरकायचं नाही, एवढीच अट. मी हात वर केला. कयाकवर एक मुलगा होता, माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाचा. म्हणाला, "भियेनाका, हांव आसां." घाबरू नका, मी आहे. मी दोन्ही हातांनी कयाकचं टोक धरलं. त्याने मला ना प्रश्न विचारला, ना परत चला म्हटलं. मी श्वास सोडायला लागले. घ्यायला नव्हे, सोडायला. घाबरलेलं माणूस हवा आत ओढत राहतं आणि छाती भरलेलीच असते, म्हणून हवा जात नाही. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडले, दहा वेळा. मग त्याला म्हटलं, जाते. बाहेर आले तेव्हा घड्याळात १ तास २ मिनिटं झाली होती. आठ मिनिटं शिल्लक. वाळूवर आई उभी होती, शहात्तर वर्षांची, माझ्या चपला आणि टॉवेल छातीशी धरून. तिने ते चारच्या अंधारापासून कोणाला हात लावू दिले नव्हते.

हे सगळं मी लांबवून का सांगते? अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडून वाचवलेले लोक यांची नोंद डॉक्टरांनी काढली. एकूण १३५ घटना, त्यातल्या ९० पोहताना. सायकल सर्वांत वेगवान, पळणं सर्वांत थकवणारं, पण धोका पाण्यात. म्हणून तयारीची सुरुवात पाण्यापासून करायची, आणि पाण्याची सुरुवात लहानपणापासून.

ही आयर्नमॅन शर्यत मुळात कशी आली, तेही थोडक्यात. हवाईतल्या ओआहू बेटावर पोहणारे मोठे की पळणारे, असा वाद रंगला. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने सुचवलं की बेटावरच्या तीन जुन्या शर्यती सलग जोडू: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण उतरले, बारा पोहोचले. पंधराही पुरुष. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. त्याच्या पुढे असलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली आणि तो मागे पडला. हसा, पण पाण्याचं नियोजन चुकलं की काय होतं ते लक्षात ठेवा. पुढच्याच वर्षी, १९७९ ला, लिन लमेअर ही एकटी बाई उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. आपल्याकडे त्याच्या वीस वर्षं आधी, १९५९ साली, कोलकात्याच्या आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेल्या होत्या. आशियातली पहिली बाई. म्हणजे बायकांच्या अंगात पाणी नाही, हे कोणी सांगू नये.

दुसरी चिठ्ठी. सात मिनिटं. आता पत्रिकेवरचा विषय, जमेल तितका.

चाळिशीपुढे असाल तर आधी डॉक्टर. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या, रक्तदाब बघा. कंटाळा करू नका, आत्ताच सांगितलेला आकडा आठवा. मग किमान सहा महिने हातात ठेवा. पोहणं आठवड्यातून तीनदा, आणि शेवटच्या दोन महिन्यांत उघड्या पाण्यात, पण एकटीने कधीच नाही, सोबत होडी आणि पट्टीचा पोहणारा हवाच. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं, त्यामुळे समुद्रात अंग जास्त तरंगतं. हे माहीत असलं की भीती निम्मी होते.

सायकल आणि पळणं वेगवेगळं येऊन उपयोग नाही. दोन तास सायकल मारून उतरलात की पाय लाकडाचे होतात, आपलेच वाटत नाहीत. त्याची सवय करायला आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच वीस-तीस मिनिटं पळायचं. याला ब्रिक म्हणतात. मी रविवारी शाळेच्या रस्त्यावर सायकल मारून यायचे, अंगणात सायकल टेकवायचे आणि तशीच देवळापर्यंत पळायचे. पहिल्या महिन्यात शेजारच्या काकूंना वाटलं, कोणाला तरी दवाखान्यात नेलंय.

स्पर्धेतले नियम पाठ करा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही. पुढच्या सायकलीच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही, बारा मीटर अंतर ठेवायचं. यासाठी शिक्षा होते.

खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. महागड्या जेलची पाकिटं मिळतात, घ्या ज्यांना परवडतात त्यांनी. मी उकडलेले बटाटे मीठ लावून, खजूर आणि ओआरएस यांवर ९० किलोमीटर काढले. गोव्याच्या उन्हात घाम धो धो जातो, त्यात मीठ जातं. नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, चक्कर येते, प्रकरण वाढतं. जे खायचं ते सरावात खाऊन बघा. स्पर्धेच्या दिवशी नवीन काही नाही. बूटही नाहीत, मोजेही नाहीत.

मला सायकलला ३ तास ४८ मिनिटं लागली, पळायला २ तास ५८. मधे कपडे-बूट बदलण्याची सोळा मिनिटं. एकूण ८ तास ४ मिनिटं. शेवटचे पाच किलोमीटर मी चालत-पळत केले, टाचेला फोड फुटला होता. एवढंच त्याबद्दल, वेळ नाही.

घंटा वाजली. शेवटचं.

बाहेर दाराशी चपलांच्या शेजारी एक टेबल आहे, त्यावर अर्ज ठेवलाय. आपल्या तलावावर बायका आणि मुलींसाठी सकाळी सहा ते सात ही बॅच मागणारा. आत्तापर्यंत एकशे चाळीस सह्या झाल्यात, मला पाचशे हव्यात. सही पुरुषांचीही चालेल, सहा ते सात ही तुमचीच वेळ आहे म्हणून तर तुमची सही जास्त मोलाची. ज्यांच्या घरात सहा वर्षांच्या पुढची मुलगी आहे त्यांनी तिचं नाव खालच्या रकान्यात लिहा. आणि तिचे केस लांब असतील तर मला येऊन भेटा. लांब केसांवर बसणारी टोपी मिळते, दोन नमुने मी पिशवीत आणलेत.